ताईचा आवडता लेखक

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या डोंबिवलीत तीन गोष्टी स्वच्छ धुवून बाहेर काढतात: पडदे, गाद्यांचे अभ्रे आणि लग्नाच्या मुली. यंदाही समोरच्या बिल्डिंगमध्ये ऊस उभे राहिले, कुणीतरी बेसूर मंगलाष्टकं म्हटली, चार फटाके फुटले आणि पुढच्याच रविवारी सकाळी जिन्यातून पोह्यांच्या फोडणीचा वास वर आला. पोहे सगळ्याच घरांत होतात. पण बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या पोह्यांत मोहरी जरा जास्तच पडते, कारण करणारीचा हात थरथरत असतो. हा वास आला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. मी पंचेचाळिशीला टेकले, लग्न केलं नाही, मला कुणी बघायला येण्याची सुतराम शक्यता नाही, तरी येतो. तो गोळा खरं तर माझ्या थोरल्या बहिणीचा, नंदाताईचा. तिच्या बघण्याचा तो एक हिवाळा होता. तिने सगळं मुकाट गिळलं आणि गोळा तेवढा माझ्याकडे ठेवून ती सासरी गेली.

ताई तेव्हा तेवीस वर्षांची, मी चौदाची. डोंबिवली पूर्वेला याच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. हिवाळ्यात सकाळी कारखान्यांकडून एक धुरकट वास यायचा, कधी आंबट, कधी नेलपॉलिशसारखा. बाबा खिडकीत उभे राहून तो हुंगायचे आणि आज कुणी काय सोडलंय ते सांगायचे. ते स्वतः एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कुठल्या खात्याला कुठला डबा द्यायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या हिवाळ्यात त्यांनी घरात लेखकांचं स्टोअर काढलं.

त्याचं असं आहे. दुसऱ्या गावांत मुलीला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असं विचारत असतील. डोंबिवलीच्या मुलीला हमखास विचारायचे, ‘वाचनाची आवड आहे का?’ तिने हो म्हटलं की लगेच, ‘आवडता लेखक कोण?’ विचारणाऱ्याने स्वतः काही वाचलेलं असावं अशी अट नव्हती. बशीतला शेवटचा पोहा बोटाने टिपत लोक हा प्रश्न टाकायचे आणि मुलगी जे नाव घेईल त्यावरून ती घरात कशी वागेल याचा अंदाज बांधायचे. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं नाव घेतलं तर संस्कारी. विनोदी म्हटलं तर जरा थिल्लर, पण चालेल. प्रेमकथा म्हटलं तर कॉलेजात काही भानगड होती का, याची चौकशी.

बाबांनी म्हणून सरळ पद्धत लावली. मध्यस्थाकडून मुलाच्या घराची माहिती काढायची आणि त्या घराला मानवेल तो लेखक ताईला द्यायचा. लेखकांची खरी नावं मी इथे घेत नाही. त्यांचा बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. आणि घरात त्यांना खऱ्या नावाने हाक तरी कोण मारत होतं? बाबांनी एकेकाला आडनावं दिली होती. ऐतिहासिक लिहिणारे ते तलवारकर. ग्रामीण लिहिणारे ढेकळेकर. विज्ञानकथा लिहिणारे यानकर. आईला लसूण सोलता सोलता रडवणारे ते उसासेकर, आणि विनोदी ते गुदगुलीकर. मुलगा गावाकडचा असला की ढेकळेकर, इंजिनीअर असला की यानकर. मोठं, मानाचं घर असलं की तलवारकर, म्हणजे बाबांच्या हिशेबी सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा.

मला विचाराल तर मला हे सगळेच आवडायचे. गुदगुलीकर मी मोरीत बसून वाचायचे, कारण अभ्यासाच्या वेळेला हसू ऐकू आलं की बाबांचा हात उठायचा. ढेकळेकरांच्या माणसांना खरी भूक लागायची, ती भाकरी मोडायची तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच काहीतरी खाऊन यायची. यानकर वाचून गच्चीवर गेलं की टाकीवरचा अँटेनासुद्धा कुणाला तरी निरोप देतोय असं वाटायचं. उसासेकरांची नायिका कायम खिडकीत उभी असायची. बाई, जरा आत ये, कपडे वाळलेत ते घड्या कर, असं मला तिला सांगावंसं वाटायचं, तरी शेवटी डोळ्यांत पाणी यायचंच. मी आजही एकाशी धड राहिलेली नाही. लग्न का केलं नाहीस असं विचारणाऱ्यांना मी सांगते, आवडता लेखक अजून ठरायचाय.

ताईचं मात्र ठरलेलं होतं. तिला भयकथा आवडायच्या. नुसत्या भयकथा नव्हे, एकाच माणसाच्या. बाबांनी त्याला भुतकर म्हणायचं ठरवलं होतं, पण ताई त्याला ‘माझा लेखक’ म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा आवाज बदलायचा. स्टेशनजवळच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर, खाकी कव्हर घातलेली त्याची पातळ पुस्तकं अगदी खालच्या कप्प्यात असायची. ती काढायला ताई चक्क फरशीवर मांडी घालून बसायची. त्याच्या गोष्टींत स्मशानं नव्हती, वटवाघळं नव्हती. आमच्यासारखीच दोन खोल्यांची घरं, सामायिक नळ, जिन्यातल्या चपला. ‘त्याचं भूत कधी दार फोडून येत नाही, कळलं?’ दुपारी माझी वेणी घालताना ताई सांगायची. ‘बाहेर नुसतं उभं राहतं. घरातलंच कोणीतरी उठतं आणि आपल्या हाताने कडी काढतं. आणि जो काढतो ना, त्याला वाटत असतं की आपण घराच्या भल्याचंच करतोय.’ असं म्हणून ती वेणीला असा हिसका द्यायची की मी किंचाळायची. मग दोघी हसत सुटायचो.

त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तालीम व्हायची. मी आईचा चष्मा लावून पलंगावर बसायची. मी मुलाची आई. ताई ट्रे घेऊन यायची, ट्रेमध्ये रिकाम्या बशा.

‘काय गं मुली, आवडता लेखक कोण तुझा?’ मी नाकातून विचारायची.

‘ढेकळेकर.’

‘का आवडतात?’

‘त्यांच्या लेखनाला मातीचा वास आहे आणि...’

‘आणि शेतकऱ्याचं दुःख त्यांनी वेशीवर टांगलंय,’ बाबा पेपराआडून म्हणायचे. ‘परत म्हण. आणि म्हणताना हसू नकोस, दुःख आहे ते.’

आई आतून म्हणायची, ‘हो म्हणून टाक गं, विषय संपव.’ आईचं सगळ्या विषयांवर एवढंच मत होतं.

कल्याणहून मंडळी आली, मूळची साताऱ्याकडची. ताईने मातीचा वास आणि वेशीवरचं दुःख व्यवस्थित म्हटलं. मुलाचे वडील खूश झाले आणि म्हणाले, ‘वा! मग सांगा बरं, ज्वारी कधी काढतात?’ ताईने बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. ताई म्हणाली, ‘पिकली की.’ नकार आला. मग ठाण्याचा इंजिनीअर आला, त्याच्यासाठी यानकर काढले होते. त्याने लेखकाबिखकाचं काहीच विचारलं नाही. ताईला खिडकीपाशी उजेडात उभं राहायला सांगितलं, बघितलं आणि स्वतःच्या आईला हळूच म्हणाला, ‘फोटोत जरा उजळ वाटलेल्या.’ हळूच म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. ताई त्यानंतरही तशीच उजेडात उभी राहिली, कारण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. शेवटी मीच तिचा हात धरून तिला आत नेलं.

नकार आला की बाबा ताईवर ओरडायचे नाहीत. ते जेवताना आईला विचारायचे, ‘भाजीत मीठ कुणी टाकलंय?’ ताईने टाकलंय हे त्यांना माहीत असायचं. मग ते ताट बाजूला सारायचे आणि ताकभात खायचे. बाबा मनाने वाईट नव्हते, असं अशा वेळी लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही.

मग विठ्ठलवाडीचं घर आलं. त्यांच्यासाठी बाबांनी उसासेकर ठरवले होते, कारण मुलाची आई मासिकं वाचते अशी माहिती होती. ती बाई आली तीच जिना चढून हाशहुश करत, आल्या आल्या पाणी मागून घेतलं, माझ्या गालाला हात लावला. घामेजलेला, प्रेमळ हात. तिने आवडता लेखक विचारला आणि ताईने तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘पण खरं सांग हं. पाठ केलेलं नको. आमच्या वेळी आम्हीपण पाठ केलेलं बाई.’

ताई फसली ती तिथे. तिरसट माणसांपुढे ती नीट खोटं बोलायची. कुणी मायेने विचारायची तिला सवयच नव्हती. ती म्हणाली, ‘मला भयकथा आवडतात,’ आणि मग थांबेचना. नाव सांगितलं, गोष्टी सांगितल्या, दाराबाहेर उभं राहणारं भूत सांगितलं, कडी काढणारा हात सांगितला. बोलताना तिने तो हात करून दाखवला. मुलगा, कुठल्याशा लॅबमध्ये होता, पुढे सरकून ऐकायला लागला. त्याने विचारलं, ‘मग झोप लागते?’ ताई म्हणाली, ‘त्याशिवाय लागतच नाही.’ सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या हिवाळ्यात ताई एकदाच सुंदर दिसली आणि ती त्या अर्ध्या तासात. तिला तो मुलगा आवडला होता, हे मला लगेच कळलं, कारण मंडळी गेल्यावर तिने त्याने ठेवलेला कप सगळ्यांत शेवटी विसळला.

निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला. बाबा तो ऐकून आले आणि शब्दन् शब्द म्हणून दाखवला. ‘मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरात वडीलधारी माणसं आहेत. असलं वाचणारी मुलगी त्यांना मानवायची नाही.’ पुढे कितीतरी दिवस जेवताना ते हे वाक्य म्हणत राहिले, श्लोकासारखं, पहिल्या घासाच्या आधी. आम्हाला सगळ्यांना ते पाठ झालं. ताईला तर झालंच.

दुसऱ्या दिवशी बाबा आम्हाला दोघींना घेऊन वाचनालयात गेले. ताईकडे तेव्हा तिच्या लेखकाचं एक पुस्तक होतं, त्यातली एकच गोष्ट वाचायची राहिली होती, शेवटची. बाबांनी ते पुस्तक तिच्याच हाताने काउंटरवर ठेवायला लावलं आणि वर्गणी बंद करायला सांगितलं. ताई म्हणाली, ‘बाबा, एवढी एक वाचू दे. इथेच उभी राहून वाचते.’ हळू आवाजात, पण वाचनालयच ते, सगळ्यांना ऐकू गेलं. माना वर झाल्या. बाबा म्हणाले, ‘एवढ्या एकानेच तर होतं सगळं.’ काउंटरवरच्या बाईंनी ताईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि शिक्का मारला. येताना बाबांनी आम्हाला उसाचा रस पाजला. आलं-लिंबू घालून, बर्फ कमी. ताई तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, कारण टाकला असता तर त्याचंही बोलणं झालं असतं.

त्यानंतर घरात फक्त तलवारकर राहिले. तीन जाडजूड खंड, कुणाकडून तरी मागून आणलेले. ताई ते सकाळी वाचायची, दुपारी वाचायची, पाठ म्हणायची. तलवारकर वाईट लेखक नव्हते. त्यांचे घोडे खरंच दौडायचे. पण पन्नास पानं झाली की कुणीतरी मुजरा करायचं आणि पुढची दहा पानं तो मुजरा चालायचा. ताई वाचताना तोंड न उघडता जांभई द्यायला शिकली.

मकरसंक्रांत होऊन गेल्यावर ठाण्याची मंडळी आली. मोठं घर, मुलगा नोकरीत कायम, आणि मुलाचे वडील अप्पा, तलवारकरांचे परमभक्त. हे मध्यस्थाने सांगितलंच होतं. ताईने नाव घेतलं तसे अप्पा खुर्चीतून उठले. ‘कोणता प्रसंग आवडतो?’ ताईने दुसऱ्या खंडातला मुजरा सांगितला, सगळाच्या सगळा. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा शेवटपर्यंत काही बोलला नाही, आणि आजतागायत फारसं बोललेला नाही. तिथेच सुपारी फुटली. बाबा त्या संध्याकाळी ताईने केलेली भाजी दोनदा मागून जेवले.

आता मजा बघा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अप्पांनी जाहीर केलं, ‘सूनबाई, आपल्या दोघांचा लेखक एकच. रोज दुपारी जेवणं झाली की आपला वाचनाचा तास.’ ताईने वाचायचं, अप्पांनी डोळे मिटून आरामखुर्चीत ऐकायचं. सगळ्यांची जेवणं उरकून, ओटा पुसून पाठ टेकायची वेळ होते नेमकी, तेव्हा. एका गडाचं नाव ती चुकीचं म्हणाली तर तो किस्सा अप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. तिसरा खंड संपला की पुन्हा पहिला. वाढदिवसाला तलवारकर, डोहाळजेवणाला तलवारकर. मुलाचं नाव तिला वेगळं ठेवायचं होतं. पण तलवारकरांच्या कादंबरीतला रणजित पाळण्यात आला. ‘सुनेची आवड जपावी लागते,’ असं अप्पा बारशाला म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. अशी वर्षं गेली. ताईने तिचा लेखक पुन्हा हातात धरला नाही. तो मधल्या काळात वारला, तर तिने ती बातमी पेपरातून कापली आणि मग कपाटात कुठे ठेवायची ते न सुचून टाकून दिली.

अप्पा आजारी पडले ते चार वर्षांपूर्वी, असेच थंडीचे दिवस होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतंय, समजतंयही, त्यांच्याशी बोला, आवडीचं वाचून दाखवा. त्याच सुमारास आमचं ते वाचनालय बंद झालं आणि पुस्तकं किलोवर काढली. मी गेले, खालच्या कप्प्यापाशी फरशीवर मांडी घातली आणि ताईचं ते पुस्तक शोधून काढलं. तेच खाकी कव्हर, कोपरे दुमडलेले. ठाण्याला जाऊन तिच्या हातात दिलं. ती ते नुसतं धरून उभी राहिली, उघडलंसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा दुपार होती. दार ताईच्या सासूबाईंनी उघडलं. त्यांना कमी ऐकू येतं. त्या पुन्हा तांदूळ निवडत बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘बघ, अजून नेमाने वाचते. आजकाल कुठे मिळतात अशा सुना?’ आतून ताईचा वाचायचा आवाज येत होता. तोच मुजऱ्याचा आवाज, संथ, जड, प्रत्येक शब्द सुटा. मी दारापर्यंत गेले आणि शब्द ऐकू आले. पलंगावर पडलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. त्याला हलता येत नाही. दाराबाहेर काहीतरी उभं आहे, हे त्याला कळतं, पण घरातल्यांना सांगता येत नाही. आणि घरातलं कोणीतरी उठतं.

अप्पांचे डोळे माझ्याकडे वळले. त्या एका अंगात जेवढी हालचाल उरली होती तेवढी सगळी डोळ्यांत आली होती. डावा हात चादर धरून सोडत होता.

‘ताई,’ मी म्हणाले, ‘घाबरलेत ते.’

‘हो ना,’ ताई म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता, विठ्ठलवाडीच्या मंडळींपुढे होता तसा. ‘छान लिहितो ना?’

अप्पांच्या तोंडून आवाज आला. ताईने पदराने त्यांच्या ओठांच्या कडा अगदी हळुवार पुसल्या, उशी सारखी केली, पाण्याचे दोन चमचे पाजले. तिने त्यांची सेवा फार केली, त्यात कुणालाही खोट काढता यायची नाही. मग पान दुमडून ती म्हणाली, ‘आज एवढंच, अप्पा. शेवटची गोष्ट उद्या.’

मी तिला थांबवलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन दोघींसाठी चहा टाकला. मला आतून बरं वाटत होतं. अप्पांनी काय केलं होतं? वाचायला लावलं होतं, एवढंच. पण एवढ्या एकानेच तर होतं सगळं.

अप्पा त्यानंतर महिनाभर होते. तेराव्याला गोडाचं जेवण झाल्यावर मी ताईला गॅलरीत गाठून विचारलं, ‘शेवटच्या गोष्टीत काय होतं गं?’ ती हाताला लागलेली बुंदी पुसत म्हणाली, ‘काही नाही. अगदीच पाणी घातलेली निघाली. उगाच एवढी वर्षं मनात धरून बसले.’ आणि ती हात धुवायला आत गेली.

हे सगळं यंदा वर यायचं कारण रणजित. ताईचा मुलगा आता लग्नाचा झालाय. हल्ली मोबाइलवर फोटो बघतात, मुलंमुली आधी बाहेर कॉफी पिऊन येतात, मग घरच्यांनी घरी जायचं. कार्यक्रम तोच, फक्त आता मुलीच्या घरी ट्रे कुणीही आणतं. गेल्या महिन्यात ताईने मला बरोबर घेतलं. कल्याणला, शहाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर. मुलगी श्रुती, एका औषधकंपनीत आहे. रणजितला ती आवडलीय हे गाडीतच कळत होतं, तो सारखा आरशात केस बघत होता.

पोहे झाले, चहा झाला. ताईने बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘वाचनाची आवड आहे का?’

मी दचकले. मुलीची आई घाईने म्हणाली, ‘हो तर! तिला ऐतिहासिक फार आवडतं हो.’ कुणीतरी त्यांनाही घराची माहिती पुरवली होती.

‘काय गं आई, कधी वाचलंय मी ऐतिहासिक?’ श्रुती हसायला लागली. ‘काकू, मी हॉररवाली आहे. मराठीत एकच माणूस वाचते,’ आणि तिने ताईच्या लेखकाचं नाव घेतलं. ‘जुना आहे, पण बाप आहे एकदम. माहितीय का, त्याची भुतं कधी जबरदस्ती घुसत नाहीत. घरातलंच कोणीतरी दार उघडतं त्यांना. म्हणजे विचार करा ना, किती डेंजर आहे हे.’

ताई खुर्चीत पुढे सरकली. मग पुस्तकाचं नाव घेऊन म्हणाली, ‘त्यातली शेवटची गोष्ट?’

‘ती? बकवास!’

ताई हसली. पोट धरून हसली. तिचं ते हसू मी वेणी घालायच्या दुपारींनंतर ऐकलंच नव्हतं. दोघी मग अर्धा तास बोलत होत्या, मध्ये दुसरं कुणी नव्हतंच. ताईच्या नवऱ्याने, भावजींनी, दोनदा घड्याळ बघितलं. रणजित मला हळूच म्हणाला, ‘मावशी, फिट्ट बसलं ना?’ मलाही तसंच वाटलं. आपल्या बहिणीच्या आयुष्याचं काहीतरी भरून आलं, असं वाटून मी तिथे त्या परक्या घरात डोळे टिपले.

परतताना सगळे चहाला माझ्याकडे थांबले. ताई त्याच पलंगावर टेकली, ज्याच्यावर मी मुलाची आई होऊन बसायची. म्हणाली, ‘नको ही.’

‘आई?’ रणजितने कप खाली ठेवला. ‘का पण? तुमचं तर किती जमलेलं.’

‘नको म्हटलं ना.’

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी ताईला म्हणाले, ‘अगं, तुझीच मुलगी शोभेल ती.’

‘म्हणूनच,’ ताई म्हणाली. ‘विचारलं आणि सांगून मोकळी. आईला गप्प केलं, खोटं बोलली नाही, कुणी काही केलं नाही तिला. ही माझ्या घरात यायची, अशीच हसायची आणि मी रोज बघायचं? मला नाही जमायचं.’ तिने पर्समधून चष्मा काढला, फोन काढला आणि मुलीच्या आईला मेसेज लिहिला. एकेक अक्षर बोटाने दाबत, पण कुठेही न अडखळता. मग मला दाखवला. ‘मुलगी चांगली आहे, पण आमच्या घरात वडीलधारी माणसं आहेत. असलं वाचणारी मुलगी त्यांना मानवायची नाही.’ वडीलधारं माणूस म्हणजे सासूबाई, ज्यांना ऐकू येत नाही. तिने माझ्यासमोर पाठवला तो.

चारेक दिवसांनी मी ठाण्याला गेले होते. रणजित कामाला गेला नव्हता, सोफ्यावर फोन घेऊन लोळत होता आणि चेहरा फुललेला होता. ताई तूप कढवत होती. तिने गॅस बारीक केला आणि फोन माझ्याकडे दिला. श्रुतीच्या आईचं उत्तर आलं होतं. ‘ताई, गैरसमज नको. तिच्या बाबांनी तसली सगळी पुस्तकं परवाच रद्दीवाल्याला दिली. यापुढे ती वाचणार नाही. तिलाही रणजित पसंत आहेत. दोन दिवस बोलली नाही आमच्याशी, पण आता तयार आहे.’

मी ते दोनदा वाचलं.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय? आता हरकत नाही,’ ताई म्हणाली. ‘हो म्हणून कळवलं सकाळीच.’

रणजित बाहेरून ओरडला, ‘काय गं मावशी, एवढं काय तोंड पाडतेस? पुस्तकं काय, नंतर पण घेता येतात.’

ताईने तूप गाळलं. बेरी एका वाटीत काढली, तिच्यावर साखर घातली आणि ती वाटी माझ्यापुढे सरकवली. लहानपणी ती अशीच द्यायची, स्वतः न खाता. मग पातेलं विसळता विसळता म्हणाली, ‘आणि तू आहेर साडीबिडीचा आणू नकोस. तलवारकरांचे तीन खंड आण, नवीन. माझे वाचून वाचून पार फाटलेत, तिला अक्षरं दिसायची नाहीत.’